मणक्यातील मेटास्टॅसिस: एसबीआरटीच्या दोन सिटिंग घ्याव्यात की साध्या रेडिएशनच्या पाच?

प्रश्न
माझी आई ६६ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी तिची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती. गेल्या महिन्यात कंबरदुखी थांबेना म्हणून पेट स्कॅन केला, तेव्हा कमरेच्या तिसऱ्या मणक्यात रोग पसरल्याचे दिसले. इतरत्र काही नाही. एका डॉक्टरांनी एसबीआरटी, म्हणजे नेमक्या जागी मोठी मात्रा देणारे रेडिएशन, दोन सिटिंगमध्ये २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) असे सुचवले आहे. दुसऱ्यांच्या मते पाच सिटिंगचे साधे रेडिएशन पुरेसे आहे. खर्चात बरेच अंतर आहे. पैसे आम्ही उभे करू, पण त्यातून आईच्या पदरात काय पडेल, हे कळत नाही. ती मॉर्फिनच्या गोळ्यांवर आहे आणि कूस बदलतानाही विव्हळते.

उत्तर १ (रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट)
साध्या रेडिएशनला कमी लेखू नका. हाडातील दुखणे त्याने सुमारे दहापैकी सहा रुग्णांत कमी होते, आणि ८ ग्रेच्या एकाच सिटिंगनेही तेवढाच आराम मिळतो; मात्र एकाच सिटिंगनंतर पुन्हा रेडिएशन द्यावे लागण्याचे प्रमाण जास्त असते.

तुमच्यापुढे आहे तीच तुलना कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील २२९ रुग्णांवर झाली असून तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन सिटिंगमध्ये २४ ग्रे घेतलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांचे दुखणे तीन महिन्यांनी पूर्ण थांबले होते, तर पाच सिटिंगमध्ये २० ग्रे घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. याउलट, उत्तर अमेरिकेत ३३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकाच सिटिंगमध्ये १६ किंवा १८ ग्रेची एसबीआरटी ८ ग्रेच्या साध्या रेडिएशनपेक्षा सरस ठरली नाही. दोन्हींत मात्रा वेगळी होती आणि मोजपट्टीही: पहिलीत दुखणे पूर्ण थांबले का हे पाहिले, दुसरीत ते शून्य ते दहाच्या मोजणीत तीन अंकांनी उतरले का हे. म्हणून ‘एसबीआरटी चांगली’ या सरसकट विधानावर माझा विश्वास नाही. आयुष्य वाढल्याचे या चाचण्यांत दिसलेले नाही.

तरीही आईंचा रोग एकाच जागी असल्यामुळे तिथला रोग दीर्घकाळ दाबून ठेवणे, हा एसबीआरटीच्या बाजूने खरा मुद्दा आहे.

उत्तर २ (रुग्णाचा मुलगा)
माझ्या वडिलांनी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हीच दोन सिटिंग घेतली. आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते ते सांगतो. शरीराच्या साच्याच्या गादीवर त्यांना जवळजवळ पाऊण तास न हलता झोपावे लागले, आणि ज्याला पाठ टेकवत नाही त्याच्यासाठी तेच सर्वांत कठीण होते. दुसऱ्या सिटिंगच्या आधी अर्धा तास वेदनाशामक गोळी दिली, तेव्हा निभावले. त्यानंतर दोन दिवस दुखणे उलट वाढले आणि घरातले सगळे घाबरलो. ते तात्पुरते असते आणि डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने आवरता येते, हे फोन केल्यावर कळले. आराम पडायला तीन आठवडे गेले.

उत्तर ३ (रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट)
प्रश्नातले एक वाक्य माझ्याकडून निसटले होते. कूस बदलताना दुखते, पण निश्चल पडून राहिल्यावर थांबते का?

प्रश्नकर्ती
हो. पडून असली की जवळजवळ दुखतच नाही. उठून बसवताना मात्र ओरडते.

उत्तर ४ (रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट)
मग दोन की पाच हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. हे दुखणे गाठीपेक्षा खचू पाहणाऱ्या मणक्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. रेडिएशन रोगाच्या पेशी मारते, पण पोखरलेल्या हाडाला लगेच आधार देत नाही. उलट एसबीआरटीनंतर मणका खचण्याचा धोका असतो, आणि तो आधीच पोखरलेल्या मणक्यात व एका सिटिंगमध्ये २० ग्रे किंवा अधिक मात्रा दिल्यास वाढतो. एमआरआय घेऊन आधी मणक्याच्या सर्जनना दाखवा. मणक्यात सिमेंट भरणे किंवा स्क्रू बसवणे गरजेचे आहे का, ते त्यांना ठरवू द्या आणि रेडिएशन त्यानंतर घ्या. तोवर आईंना उचलताना कमरेतून वाकवू नका. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.