विंडोज सुरूच होत नाही. फॉरमॅटला द्यायच्या आधी फाइली कशा काढाव्यात?

राजवाडा-कट्टा, इंदूर
घरचा असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज १०, १ टीबीची साधी ३.५ इंची हार्डडिस्क. परवाच्या पावसात दोन-तीनदा लाइट गेली-आली. तेव्हापासून विंडोजचं चिन्ह येतं, खाली टिंबं फिरतात, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ लिहून येतं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दुकानदार म्हणतो, सी फॉरमॅट करून विंडोज टाकतो, डी ला धक्का लागणार नाही. आत घरचे फोटो आणि मंडळाची सभासदयादी, गणेशोत्सवाचा हिशेब आहे. बॅकअप नाही. हो म्हणू का?

पोहेजलेबी
आत्ता नको. डी वाचेल हे खरं, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळं सी मध्येच ‘यूझर्स’च्या खाली असतं. हिशेबाची एक्सेल शीट डेस्कटॉपवरच असणार, पैज लावतो.

आधी केसला कान लावा. ठरावीक लयीत टक्-टक् येत असेल तर डिस्कचं हेड (चकतीवरून वाचणारं टोक) गेलंय. मशीन बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या, कारण प्रत्येक वेळी चालू करताना चकतीवर ओरखडे वाढतात. फ्रीजमध्ये ठेवणं, दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड लावणं असले उपाय करू नका. बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं भरलेली असतात, दुसऱ्याचं बोर्ड चालत नाही.

आवाज नसेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल). दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (सबंध सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा आणि रूफस या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. तो लावून मशीन चालू करा आणि लगेच एफ१२ दाबत राहा. काही बोर्डांवर एफ११, एफ८ किंवा एस्केप असतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह दिसेल, तेवढं मात्र दाबू नका.

मग फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडा. विंडोज हायबरनेट अवस्थेत (पूर्ण बंद न होता झोपलेलं) असल्याचा संदेश येऊन ती फक्त वाचण्यापुरती उघडली तर उत्तमच, आपल्याला लिहायचं कुठे आहे? फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. निळ्या यूएसबी सॉकेटला २०० जीबी साधारण अर्ध्या तासात जातात, जुन्या काळ्याला पावणेदोन तास धरा. बारीक फोटो हजारोंनी असतील तर आणखी वेळ. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जाणार नाही, ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी.

राजवाडा-कट्टा
टक्-टक् नाही. मिंट चालू झालं, डॉक्युमेंट्स आले. पण २०१९ च्या फोटोंवर कॉपी अडकते, पाच-पाच मिनिटं हलत नाही, मग ‘इनपुट/आउटपुट एरर’. विंडोजच्या रिपेअरमधून चेकडिस्क चालवू का?

कोल्ड-सोल्डर
अजिबात नको. चेकडिस्क फाइल सिस्टिम जुळवतं, त्यासाठी डिस्कवर लिहितं. सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) वाचताच येत नसतील तर तिथल्या नोंदी ते छाटून टाकतं, आणि परत मिळू शकणारे फोटो आकडी नावांचे तुकडे होऊन पडतात.

मिंटमध्ये ‘डिस्क्स’ उघडा, आपली डिस्क निवडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘स्मार्ट डेटा’ (डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी) पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेले सेक्टर) यापुढे शून्याखेरीज काहीही असेल तर पृष्ठभाग खराब व्हायला लागलाय. अशा वेळी फाइल-फाइल कॉपी करणं थांबवा. एकेका सेक्टरसाठी डिस्क पुन्हापुन्हा धडपडते आणि तेवढ्यात उरलेली चांगली जागाही जाते.

त्याऐवजी सबंध डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल, एका फाइलमध्ये) घ्या, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने. मिंटच्या सॉफ्टवेअर यादीत ते जीडीडीरेस्क्यू नावाने आहे. उतरवायला नेट लागेल. प्रतिमा ठेवायला २ टीबीची डिस्क हवी. पहिली फेरी ‘एन’ पर्याय लावून: जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, खराब जागा सोडून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत ‘आर ३’, म्हणजे सोडलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. नीट डिस्क असेल तर १ टीबीला तीनेक तास. तुमची किती घेईल ते खराबीवर. रात्रभर चालू द्या, यूपीएस लावून.

एक चूक हमखास होते. डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं त्याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. ती मिंटच्या होम फोल्डरात ठेवली की लाइट जाताच गेली, कारण ते होम रॅममध्ये असतं. प्रतिमा आणि मॅपफाइल दोन्ही बाहेरच्या डिस्कवर ठेवा, मग तीच आज्ञा पुन्हा दिली की काम थांबलं तिथून पुढे चालतं. आणि कुठली डिस्क स्रोत, कुठली लक्ष्य, हे एंटर दाबण्याआधी आकारमान बघून दोनदा तपासा. उलटं झालं तर संपलं.

प्रतिमा तयार झाली की तिच्यावर डबल-क्लिक करा. ती फक्त वाचण्यापुरती उघडते. फोल्डर दिसलेच नाहीत तर टेस्टडिस्क, आणि अगदी शेवटी फोटोरेक, हे फाइली शोधून काढणारे प्रोग्राम वापरा. फोटोरेक फोटो काढतं, पण नावं आणि फोल्डर गमावून.

छपाईवाला
मंडळाच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर ‘विंडोज’खालचा ‘फॉन्ट्स’ फोल्डर विसरू नका. नाहीतर नव्या मशीनवर सभासदयादी उघडेल, पण ‘कुलकर्णी’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फॉन्ट एका यूझरपुरता टाकलेला असेल तर तो ‘अ‍ॅपडेटा’च्या आत सापडतो.

डेस्कटॉप रिकामा दिसला तर वनड्राइव्हच्या फोल्डरात आणखी एक ‘डेस्कटॉप’ आहे का बघा. क्रोमचे बुकमार्क त्याच्या प्रोफाइलमधून उचलता येतात, सेव्ह केलेले पासवर्ड नाही. ते त्या विंडोज खात्याला बांधलेले असतात.

पोहेजलेबी
फाइली निघाल्यावर बोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदला. जुनी बॅटरी संपलेली असली की लाइट जाताच बायोस (मशीन चालू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर जातं, साटाचा (डिस्क जोडणीचा) प्रकार बदलतो आणि धडधाकट विंडोजही चालू होत नाही. बायोसमध्ये तारीख चुकीची दिसते का? तर तीच शंका. अर्थात तुमच्याकडे पेंडिंग सेक्टर निघाले तर नवं विंडोज या डिस्कवर टाकूच नका, एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) घ्या. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल, जेल रोडवर हिंडत बसायला नको.

राजवाडा-कट्टा
पेंडिंग ११२ दाखवतंय. कॉपी थांबवली, २ टीबीची डिस्क आणायला निघालो.