मदत हवी आहे: ढालीच्या पाठीची खुर्ची, अस्सल की नंतरची नक्कल?

लंडनच्या जुन्या बाजारातून महोगनीची खुर्ची घेतली. पाठ ढालीसारखी, पुढचे पाय चौकोनी, खाली निमुळते. म्हणजे हेपलव्हाइट या अठराव्या शतकातल्या इंग्रज फर्निचर-कारागिराची धाटणी. त्याचा नमुनासंग्रह तो वारल्यावर, १७८८ मध्ये छापला गेला. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा खुर्च्या पुन्हा ढिगाने बनल्या, आणि विकणारा काय, सगळ्यालाच 'जॉर्जियन' (म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं, जुनं) म्हणतो!

उलटी करून पाहिली. चौकटीच्या आत करवतीच्या खुणा सरळ आहेत, यंत्राच्या गोल करवतीसारख्या गोलाकार नाहीत, म्हणजे जुनी असू शकते. कोपऱ्यांतल्या ठोकळ्यांना मात्र टोकदार स्क्रू आहेत, आणि तसले स्क्रू १८४०च्या दशकापासूनचे. दुरुस्तीत बसवले असतील का? गादी उसवायची नाही, पॉलिशला हात लावायचा नाही. ठोकळे मूळचे की मागाहून ठोकलेले, हे नुसतं बघून कशावरून ओळखायचं?