शब्दचर्चा : ‘हायपरव्हेलॉसिटी’ रॉकेटला मराठीत काय म्हणावे?

रेघोट्या :
एका विज्ञानविषयक मासिकासाठी मी अमेरिकेच्या शीतयुद्धकालीन प्रायोगिक लष्करी रॉकेटांवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. ‘सुपरसॉनिक’साठी, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान अशा अर्थी, ‘स्वनातीत’ हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. ‘हायपरसॉनिक’साठी मी ‘अतिस्वनातीत’ योजला आणि संपादकांनी तो स्वीकारला. अडचण आहे ती ‘हायपरव्हेलॉसिटी’ची, कारण मूळ लेखात हे दोन्ही शब्द काही ठिकाणी एकाच वाक्यात येतात. तेथे मी ‘अतिवेगवान’ लिहिले होते. संपादकांचे म्हणणे असे की, ‘अतिवेगवान’ हे विशेषण बातमीतल्या मोटारीलाही लागते, तेव्हा दोन्हींसाठी ‘अतिस्वनातीत’ हाच शब्द ठेवावा.

लेखातील मुख्य उदाहरण ‘हायबेक्स’चे आहे. बोइंग कंपनीने बांधलेले हे रॉकेट १९६५-६६ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे उडविण्यात आले. ते साधारण एका सेकंदात सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपासचा वेग गाठत असे आणि त्याचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळपास ४०० पट होते. शत्रूचे अण्वस्त्र आपल्या क्षेपणास्त्रांच्या भुयारी तळांवर कोसळण्याआधी अगदी शेवटच्या क्षणी त्याला गाठता येईल का, हे अमेरिकेला पाहायचे होते. अशा रॉकेटला नेमके कोणते विशेषण लावावे?

जुनी वही :
आपल्या संपादकांचा आग्रह मान्य करू नये, असे मी सुचवेन, कारण या दोन शब्दांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. ‘हायपरसॉनिक’ची मोजपट्टी हवेतील ध्वनीची आहे. हा शब्द रूढ होण्याचे श्रेय बहुधा च्येन श्वेसेन यांच्या १९४६ मधील शोधनिबंधाला दिले जाते (हेच च्येन १९५५ मध्ये अमेरिका सोडून चीनला गेले आणि तेथील क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले). ध्वनीच्या पाचपट ही त्याची प्रचलित सीमा मानतात, परंतु पाचावर काही भिंत उभी नाही. तापमान, हवेच्या रेणूंचे विघटन वगैरे गोष्टी त्या सुमारास हळूहळू महत्त्वाच्या होऊ लागतात, इतकेच.

‘हायपरव्हेलॉसिटी’ची मोजपट्टी मात्र धातूची आहे. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूवर इतक्या वेगाने आदळते की त्या पदार्थांच्या स्वतःच्या बळकटीला काही अर्थच उरत नाही आणि पोलादही द्रवाप्रमाणे वागते, तेव्हा आघातशास्त्रात हा शब्द वापरतात. धातूंसाठी हा वेग ढोबळमानाने सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास धरला जातो. शिशासारख्या मऊ धातूसाठी तो बराच कमी असतो. येथे हवेचा संबंधच येत नाही. निर्वात अवकाशात उपग्रहावर आदळणाऱ्या रंगाच्या टवक्यालाही हाच शब्द लागतो आणि तेथे ‘स्वनातीत’ म्हणणे निरर्थक ठरते, कारण तेथे स्वनच नाही. माझ्या मते ‘धातुद्रावी वेग’ असा शब्द घडवावा.

नांदेडकर :
‘धातुद्रावी’! म्हणजे वाचकाने आधी शब्दाचा अर्थ शोधावा, मग लेखाचा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्यावरून स्क्रॅमजेट इंजिनाच्या प्रात्यक्षिक वाहनाची चाचणी घेतली, तेव्हा आमच्या घरी येणाऱ्या वृत्तपत्राने सरळ ‘हायपरसॉनिक’ असे छापले होते आणि घरातील शाळकरी मुलांनाही ते कळले. ‘स्वनातीत’ हा शब्द ब्राह्मोसच्या बातम्यांपुरता जिवंत आहे. ‘रॉकेट’, ‘रडार’, ‘इंजिन’ मराठीने पचवले, तर ‘हायपरव्हेलॉसिटी’लाच सोवळे कशासाठी?

जुनी वही :
सोवळ्याचा प्रश्न नाही. ‘रॉकेट’ हे वस्तूचे नाव आहे आणि ते जसेच्या तसे घेता येते. ‘हायपरव्हेलॉसिटी’ ही संकल्पना आहे, आणि संकल्पना उसनी घेतली की तिचा अर्थ घरी येत नाही. नांदेडकरांच्या घरातील मुलांना ‘फार जोरात’ एवढेच कळले असणार.

फळा-खडू :
पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याच्या नात्याने दोन हरकती नोंदवतो. पहिली अशी की, ‘द्रावी’ म्हटले की वाचकाला धातू वितळला असे वाटेल. प्रत्यक्षात तो वितळावाच लागतो असे नाही. दाब इतका प्रचंड असतो की घन अवस्थेतही तो वाहतो. म्हणून शब्द घडवायचाच असेल, तर तो ‘प्रवाह’वरून घडवावा. दुसरी हरकत अशी की, पाठ्यपुस्तकात आपण ‘स्पीड’ला ‘चाल’ आणि ‘व्हेलॉसिटी’ला ‘वेग’ असे शिकवतो, आणि वेगाला दिशा असते. येथे दिशेचा प्रश्नच नाही, केवळ परिमाणाचा आहे. काटेकोरपणे पाहिले तर ‘अतिचाल’ म्हणावे लागेल, पण तो शब्द ऐकून भावकीतल्या जमिनीच्या भांडणाची आठवण येईल, हे मला मान्य आहे.

पाषाणचा निवृत्त :
या उपसर्गांना शस्त्रे बनविणाऱ्यांनी कधीच इतके गांभीर्याने घेतलेले नाही, हे आपण लक्षात घ्यावे. १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी वापरलेल्या पाच इंची रॉकेटाच्या अधिकृत नावातच ‘हाय व्हेलॉसिटी’ होते; त्याचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर होता, म्हणजे ध्वनीपेक्षा थोडा अधिक. पुढे १९८० च्या दशकात व्हॉट कंपनीने ‘हायपर व्हेलॉसिटी मिसाइल’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि त्याच वाटेने ‘लोसॅट’ हे रणगाडाविरोधी अस्त्र आले. त्यात स्फोटक नव्हते. सुमारे ८० किलोचे क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने जाऊन आतील जड धातूच्या सळईने चिलखत भेदत असे. २००४ च्या सुमारास तो प्रकल्प गुंडाळण्यात आला.

आता हिशेब करून पाहा. जमिनीलगत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे लोसॅट साधारण साडेचारपटीच्या आतच राहते. ते ‘हायपरसॉनिक’ नाही. अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग सुमारे २९५ मीटरवर येतो आणि तेथे हाच दीड किलोमीटर पाचपटीची सीमा ओलांडतो. धातूच्या मोजपट्टीवर तर तो दोन्हीकडे निम्म्याला राहतो. तरीही नावात ‘हायपर’ आहेच. शास्त्रज्ञांची व्याख्या एक आणि निधी मागणाऱ्यांची दुसरी!

अनुवादाचा एक किस्सा सांगतो. घन इंधनाच्या ओतीव ठोकळ्याला आम्ही कारखान्यात ‘ग्रेन’च म्हणत असू. एका लेखात त्याचे भाषांतर ‘धान्य’ असे छापून आलेले मी स्वतः वाचले आहे; रॉकेटात धान्य भरतात, असा त्याचा अर्थ झाला. हायबेक्सच्या बाबतीत तर हा ठोकळाच कळीचा मुद्दा आहे. ४०० पट त्वरणाला त्यातील दहा किलोचा तुकडा चार टन वजनासारखा मागे रेटला जातो. तो कवचापासून सुटता कामा नये, त्याला तडा जाता कामा नये आणि तरीही तो सेकंदाभरात जळून संपला पाहिजे. तडा गेला की जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटते. म्हणून मला विचाराल तर या रॉकेटांचे वैशिष्ट्य वेगात नसून त्वरणात आहे. ‘स्प्रिंट’ हे क्षेपणास्त्र सुमारे १०० पट त्वरणाने पाच सेकंदांत ध्वनीच्या दहापट वेगाला पोहोचत असे. उपग्रह नेणारी रॉकेटे याहून दुप्पट वेग गाठतात, पण त्यांना मिनिटे लागतात, आणि त्यांना कोणी ‘हायपरव्हेलॉसिटी’ म्हणत नाही.

फळा-खडू :
हा मुद्दा उत्तम आहे. मग ‘तीव्रत्वरणी रॉकेट’ का म्हणू नये?

नांदेडकर :
कारण मूळ लेखकाने तसे म्हटलेले नाही. अनुवादकाने लेखकाची परिभाषा सुधारावी काय?

बखरवाचक :
चर्चेत ‘रॉकेट’ हा शब्द सर्वांनी बिनतक्रार स्वीकारलेला पाहून नवल वाटले. मराठ्यांच्या कागदपत्रांत दारूच्या अशा अस्त्राला ‘बाण’ म्हटले आहे आणि ते सोडणाऱ्याला ‘बाणदार’. हैदर आणि टिपूच्या फौजेतील लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांनी अनुभवले आणि त्यानंतरच काँग्रीव्हने विलायतेत आपली रॉकेटे केली. आमच्या लहानपणी दिवाळीत बाटलीत उभा करून उडवायचा तोही ‘बाण’च होता. ‘वेगबाण’ असा सुटसुटीत शब्द समोर असताना हा सारा खटाटोप कशासाठी?

जुनी वही :
बाण वेगानेच जातो. ‘वेगबाण’ म्हणून आपण अधिक काय सांगितले? शिवाय ज्याला मार्गदर्शन नाही ते रॉकेट आणि ज्याला आहे ते क्षेपणास्त्र, हा आजचा लष्करी भेद ‘बाणा’त बुडून जातो. पुण्यात आकाराला आलेले ‘पिनाक’ हे रॉकेट सुरुवातीला मार्गदर्शनाविना होते, पुढे त्याची मार्गदर्शित आवृत्ती आली. त्या दोहोंना आपण बाणच म्हणणार काय?

बखरवाचक :
पिनाक हे शिवाचे धनुष्य आहे. धनुष्यातून सुटेल त्याला बाण म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

रेघोट्या :
सर्वांचे आभार. लेख या आठवड्यात द्यावयाचा असल्याने हायबेक्स आणि स्प्रिंटच्या परिच्छेदांत ‘अतिवेगी’ हा शब्द ठेवत आहे, आणि जुनी वही यांनी सांगितलेली धातूची मोजपट्टी तळटीपेत देत आहे. संपादकांनी ती टीप ठेवली, तर ठीक. लोसॅटच्या परिच्छेदात आणखी एक अडचण आहे. स्फोटकाविना, केवळ आदळून लक्ष्य नष्ट करणाऱ्या अस्त्रासाठी मी ‘आघातवेधी’ असा शब्द योजला आहे. तो चालेल काय?

फळा-खडू :
चालणार नाही. ‘वेध घेणे’ म्हणजे नेम धरणे किंवा मागोवा घेणे, असाच अर्थ आज घेतला जातो. येथे ‘भेद’ हवा, ‘आघातभेदी’ म्हणावे.

बखरवाचक :
मग ‘शब्दवेधी बाण’ कोणाचा मागोवा घेत असे?