पुजाराचे ते २११ चेंडू
'ऑस्ट्रेलियाविरुद्धची २०२१ची गाबा (ब्रिस्बेनचं मैदान) कसोटी पंत आणि गिलने जिंकली, पुजाराने ५६ धावांसाठी २११ चेंडू वाया घालवले' हे मत मला अजिबात पटलेलं नाही. पाचवा दिवस, खेळपट्टीला भेगा, समोर कमिन्स आणि हेझलवूडसारखे वेगवान गोलंदाज, रोहित ७ वर परतलेला. उसळत्या चेंडूला बॅट लावून झेल देण्यापेक्षा पुजाराने हात खाली ठेवून तो अंगावर घेतला. हेल्मेटवर, खांद्यावर, बरगड्यांवर. बोटाला लागून तो कळवळला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. फिजिओ येऊन गेला की हा पुन्हा गार्ड घेऊन उभा! गिलला ९१ करताना मोकळेपणाने खेळता आलं ते समोर हा होता म्हणून. ११४ची भागीदारी आहे दोघांची. पंतची नाबाद ८९ थोरच, त्यात वादच नाही. पण पुजारा बाद झाला तेव्हा ८० षटकं होऊन गेली होती आणि १०० धावा हव्या होत्या. पंतने ज्यांना हाणलं ते गोलंदाज दिवसभर दमवले कुणी? त्या मालिकेत ९२८ चेंडू खेळलाय हा माणूस. नुसता स्ट्राइक रेट बघू नका, त्या दिवशीचा चहापानापर्यंतचा खेळ पुन्हा एकदा बघा.