विदर्भातून दर्याकाठी: सोबत्यासंगं काढलेला आठवडा

आपल्या गावापासून समुद्र म्हणजे एक रात्र आणि वर अख्खा दिवस. तरीही कापूस-तुरीचं आटोपलं की मित्राला घेऊन कोकण गाठणारे आता गावोगाव भेटतात. घरच्यांच्या सहलीबद्दल पुन्हा कधी लिहू. इथे दोघा मित्रांनी किंवा मैत्रिणींनी काढलेल्या आठवड्याबद्दल लिहा. काय पाहिलं, कुठे छातीत धस्स झालं, ते सांगा. सुरुवात मीच करतो.

दर्यापूर तालुका

मी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला. आमच्या विहिरीला पाणी आहे, पण ते पिता येत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन चोपण (कडक, नापीक) होते. लहानपणी आई दोन-दोन मैलांवरून पाण्याचे गुंड (हंडे) आणायची.

शाळेपासूनचा सोबती आणि मी बडनेऱ्याहून मडगावच्या गाडीत बसलो, कुडाळला उतरलो आणि मालवण गाठलं. सकाळी होडीने सिंधुदुर्गात गेलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला आणि तीन वर्षांत पुरा केला, हे पुस्तकात वाचलेलं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत, हेही ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं. किल्ल्यात राहणाऱ्या एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं. मित्र एक घोट घेऊन तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "चारी बाजूनं खारं, अन् मधात गोडं. आपल्याकडं काऊन उलटं हाय गड्या?"

बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं वरच्या वर राहतं, हे मला नंतर समजलं. त्या वेळी काही सुचलं नाही. मी एक बाटली भरून घेतली. आठवडाभर तारकर्ली, देवबाग, निवती केलं, बांगडे खाल्ले, बाटली मात्र पिशवीत जपली. घरी आईनं घोटभर पिऊन ती देवाजवळ ठेवली.

भंडारा जिल्हा

आम्ही दोघी मैत्रिणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला. गावातल्याच एका घरी राहिलो. वहिनींनी घावणे आणि सोलकढी दिली. दिवसभर बाणकोटच्या किल्ल्यावर, सावित्रीच्या मुखाशी भटकायचं आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा किनाऱ्यावर हजर राहायचं.

मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत वळूनही बघत नाही. गावची मंडळी ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला कुंपणात नेऊन पुरतात. मग ४५ ते ६० दिवस वाट बघायची. त्यावर टोपली पालथी घातलेली असते. पहिले दोन दिवस टोपलीखाली काहीच नव्हतं. तिसऱ्या सकाळी कार्यकर्त्या दादांनी टोपली उचलली, तर वाळू आतून हलत होती. आधी एक काळं नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग एकदम अकरा जणं!

पिल्लांना पाण्यात सोडत नाहीत, पाण्याच्या अलीकडे वाळूवर ठेवतात. चालत त्यांनी स्वतः जायचं. एकाला लाटेनं तीनदा मागं टाकलं. चौथ्यांदा ते गेलं तेव्हा माझ्या मैत्रिणीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तिच्या घरी त्या वर्षी जे घडलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. आम्ही मालगुजारी तलावांच्या (आमच्याकडच्या जुन्या सिंचन तलावांच्या) काठावर वाढलेल्या, कासवं आम्हांला नवी नाहीत. पण ही कासवं पाहून आल्यावर मी चौथीच्या वर्गाला तासभर फक्त त्या टोपलीबद्दल सांगितलं.

यवतमाळ जिल्हा

मालवणला स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करणार असाल तर एक लक्षात ठेवा. पाण्याखाली अंगठा वर केला की "मला वर न्या" असा अर्थ होतो. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेला गोल. आमच्या होडीवर घाईघाईत हे नीट सांगितलंच नाही. मित्रानं आनंदानं अंगठा दाखवला आणि त्याला तिथूनच वर आणलं. वर्षभर पैसे साठवून आलेला माणूस, मला अजून वाईट वाटतं. कानावर दाब जाणवला की दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच नाकातून फुंकायचं, हेही आधी विचारून घ्या.

मेहकरकडचा

आम्ही मोटरसायकलवर होतो. वेसवीहून फेरीबोटीत गाडी चढवून बागमांडला, तिथून हरिहरेश्वर. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून समुद्राला लागून जाते. आम्ही निघालो तेव्हा हारवाल्या मावशींनी अडवलं. "आज तिथी कुठली?" चतुर्थी होती. त्यांनी बोटांवर मोजलं: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती; चाराचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. आम्ही थांबलो. तीनला जाऊन पाहिलं तर ज्या खडकावरून चालायचं तो दिसतच नव्हता. या जागी माणसं वाहून गेली आहेत. आपण पेरणीला नक्षत्र बघतो, ते लोक पाण्याला तिथी बघतात. त्यांचं ऐका.

पवनी

मी वैनगंगेत पोहायला शिकलो, शेजारच्या ढिवर काकांकडून. त्यांचं एकच सांगणं असे: धारेशी भांडू नको, तिरपा काढ.

गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात मी आणि मित्र उभे होतो. पायाखालची वाळू सरकली आणि बघता बघता आम्ही आत. मित्र किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होता, पण जागचा हलत नव्हता. मला काकांचा आवाज आठवला. मी ओरडलो, "तिरपा!" तोही नदीकाठचाच, त्याला कळलं. किनाऱ्याला समांतर थोडं गेल्यावर ओढ संपली आणि लाटांनीच आम्हांला वाळूवर आणलं. कितीतरी वेळ दोघेही उताणे पडून होतो. उरलेले चार दिवस आम्ही घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही.

गावी आल्यावर काकांना सांगायला गेलो. ते अंगणात जाळं दुरुस्त करत होते. सगळं ऐकून घेतलं, जाळ्याची गाठ मारली आणि विचारलं, "मग समुद्राची धार कोणत्या दिशेनं जाते?" मला सांगता आलं नाही.