विषय: जूनची सहल – फेअरफर्डच्या चर्चला अर्धा तास पुरेल का?

नमस्कार मंडळी,
इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या सहलीचा कच्चा बेत असा: सकाळी फेअरफर्ड गावचं सेंट मेरी चर्च (अर्धा तास), मग जेवण, दुपारभर बायबरी गाव. आसपास राहणाऱ्यांनी काही सुचवायचं असल्यास जरूर कळवा.
– सहल समिती

---

नमस्कार,
बेत उलटा करा, अशी कळकळीची विनंती. बायबरी सकाळी उरका, फेअरफर्ड दुपारी ठेवा आणि तिथे दीड तास तरी द्या. तिथली सर्वांत मोठी खिडकी पश्चिमेला आहे, ऊन कलल्याशिवाय ती खुलत नाही.

जॉन टेम हा लोकरीचा बडा व्यापारी. 1490 च्या दशकात त्याने मधल्या मनोऱ्याचा जुना भाग ठेवून बाकीचं चर्च नव्याने बांधायला घेतलं. 1500 मध्ये तो वारला, पुढचं काम मुलगा एडमंडने पाहिलं. बापाची कबर आतच आहे. ही बांधणी ‘पर्पेंडिक्युलर’ शैलीची: दगडाच्या सडपातळ उभ्या पट्ट्या आणि उरलेल्या जागेत काचच काच. एकंदर 28 खिडक्या, रंगीत काचांच्या चित्रांनी भरलेल्या. मध्ययुगीन काचांचा असा पूर्ण संच इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याच गावच्या चर्चमध्ये उरलेला नाही. काम राजाचा काचकारागीर बर्नार्ड फ्लॉवर याच्या देखरेखीखाली झालं असं मानतात.

आत गेल्यावर मंडळी पांगतात आणि दिसेल ती खिडकी बघत सुटतात. तसं कृपया करू नका. उत्तरेकडच्या लाकडी जाळीच्या आडभिंतीपाशी सुरुवात करा. पहिल्याच खिडकीत बायबलच्या जुन्या करारातली चित्रं: पहिली स्त्री ईव्ह आहे, जळतं झुडूप पाहणारा मोझेस आहे आणि देवाकडे खूण मागणाऱ्या गिडिअनची लोकर आहे. ती लोकर दवाने भिजते, भोवतालची जमीन मात्र कोरडी राहते. धर्मशास्त्रात ती येशूची आई मेरी हिची खूण, पण लोकरीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या चर्चमध्ये ती पाहताना टेमच आठवतो. तिथून मेरीचा जन्म, येशूचा जन्म, पूर्वेला क्रूस असं करत शेवटी पश्चिमेला अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी देव करणार तो निवाडा. कथा सलग आहे, मधूनच सुरू केली तर अर्धी निसटते.

जवळ जाऊन पिवळा रंग बघा. केस, मुकुट, कपड्यांचे काठ. चांदीचा क्षार काचेच्या मागच्या बाजूला लावून भट्टीत भाजला की तो रंग काचेतच उतरतो, म्हणून एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि सोनेरी केस दोन्ही साधतात. बाकी रंग बदलला की तुकडा वेगळा आणि मध्ये शिशाची पट्टी.
– स्विंडनहून

---

ताई, फारच छान लिहिलंत. एवढ्या जुन्या काचा खरंच मूळच्या आहेत की नंतर बसवलेल्या? आणि प्रार्थना चालू असेल तर आपण आत गेलेलं चालतं का?
– रेडिंगहून

---

बहुतांश मूळच्याच. हे चर्च बांधलं तेव्हा कॅथलिक होतं. 1530 च्या दशकात आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले, पुढे त्याचा मुलगा सहाव्या एडवर्डच्या काळात आणि 1640 च्या दशकातल्या यादवीत, कॅथलिक चित्रं नकोत म्हणून, देशभर अशा काचा फोडल्या गेल्या. इथल्या त्यातून वाचल्या. फटका बसला तो नोव्हेंबर 1703 च्या महावादळाचा. पश्चिमेच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग त्यामुळे व्हिक्टोरियन काळात नव्याने करावा लागला. खालच्या भागात, आत्म्यांना तोलणारा तराजू घेतलेला देवदूत सेंट मायकल आणि उजवीकडचा नरक, जुनं काम आहे. तिथेच जास्त वेळ थांबा, मला तरी वरच्या भागाचे रंग त्यापुढे फिके वाटतात. दुसऱ्या महायुद्धात सगळ्या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या.

हे आजही गावाचं नांदतं चर्च आहे. उपासनेची वेळ टाळून जाऊ, आणि दानपेटीत मंडळातर्फे घसघशीत रक्कम टाकू या. एवढी काच राखायला सतत खर्च येतो.
– स्विंडनहून

---

ठरलं. सकाळी बायबरी, जेवण, दुपारी अडीच ते चार फेअरफर्ड. उपासनेच्या वेळा आम्ही विचारून घेतो. दुर्बीण असेल त्यांनी आणावी: वरच्या रांगेत दक्षिणेला हुतात्मे आणि त्यांच्यासमोर उत्तरेला त्यांचा छळ करणारे आहेत, खालून ते नीट दिसत नाहीत.
– सहल समिती