पोलोला कॉइलओव्हर? माझं मत: नको

घाटवेडा (धागाकर्ता)

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१६ ची. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, ७२ हजार किलोमीटर झालेत. रविवारी पहाटे ताम्हिणी, वर्षातून एकदा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर हजेरी, आणि बाकी सगळे दिवस कोथरूड ते हिंजवडी. गाडी आता दमलीय. वळणावर अंग टाकते, ब्रेक मारला की नाक खुपसते, आणि मागची बाजू एकदा उसळली की पुन्हा एकदा उसळून मगच शांत होते. म्हणजे सस्पेन्शन बदलायचंच आहे, त्यावर वाद नाही.

वाद पुढे आहे. दोन महिने ज्याला विचारतोय तो एकच सांगतो: "कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला सेट) टाक, ॲडजस्टेबल घे, मग हवं तसं सेट कर." हे "हवं तसं" नक्की कसं, ते मात्र कुणी सांगत नाही.

'ॲडजस्टेबल' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. केडब्ल्यूचा व्हेरियंट १ किंवा बिल्स्टाइनचा बी१४ घेतला तर फक्त उंची बदलते, डॅम्पिंग, म्हणजे शॉकअप स्प्रिंगला किती आवरतो ते, कारखान्यात ठरलेलं. बीसी रेसिंगचा बीआर किंवा टाईनचा फ्लेक्स झेड घेतला तर उंचीही बदलते आणि डॅम्पिंगसाठी एक नॉबही मिळतो. बीसीच्या नॉबला ३० टप्पे म्हणजे क्लिक, टाईनला १६. पण तो एकच नॉब शॉकअपचं दाबलं जाणं आणि परत उसळणं दोन्ही एकदम बदलतो. केडब्ल्यूच्या व्हेरियंट ३ सारख्या सेटमध्ये दोन्हींना वेगळे नॉब असतात, आणि किंमत ऐकून आपण गाडी विकायचा विचार करू लागतो.

माझ्या एका मित्राकडे तीस क्लिकवाला सेट आहे. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी बॉनेट उघडून नॉब फिरवायचा. मागच्या नॉबसाठी गाडीखाली सरपटावं लागतं म्हणून ते दोन कधी फिरलेच नाहीत. आता तीन वर्षं झाली, पुढचे पंधरावर आहेत, मागचे देवाला ठाऊक.

माझं मत असं की आपल्यासारख्यांनी स्टॉक स्प्रिंग ठेवावी, त्यावर बिल्स्टाइन बी६ सारखा चांगला फिक्स्ड डॅम्पर (म्हणजे शॉकअप) टाकावा, माउंट आणि बुश हे जोडांतले रबरी भाग नवे घालावेत आणि विषय संपवावा. ज्या कंपनीने स्प्रिंग आणि डॅम्पर टेस्ट ट्रॅकवर महिनोन्महिने जुळवले, तिच्यापेक्षा मला पार्किंगमध्ये उकिडवं बसून जास्त कळेल, हा भ्रम मला परवडणारा नाही.

हाणा आता.

नटबोल्ट

हाणतोच. मी तीस क्लिकवाल्यांपैकी एक आहे, पाच वर्षं झाली.

नॉब कुणी फिरवत नाही हा नॉबचा दोष आहे का? तुमच्या मित्राने डायरी ठेवली नाही. माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये शाळेची दोनशे पानी वही आहे. एक नोंद जशीच्या तशी: "वरंधा, पाऊस. पुढे ८, मागे १२. टायर ३२. मागचं निसटत नाही, पण खाली उतरताना पुढे डुलते. पुढे +३." अशी पाच-सहा पानं भरली की गाडीचं आपल्याला आणि आपलं गाडीला कळायला लागतं. आता माझे तीनच आकडे ठरलेत: रोजचा, घाटाचा, ट्रॅकचा. बदलायला चार मिनिटं लागतात.

आणि उंची ॲडजस्टेबल म्हणजे गाडी जमिनीला चिकटवायची, हे कुणी सांगितलं? माझी स्टॉकपेक्षा जेमतेम १० मिमी खाली आहे. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, मी स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून, एकेका कोपऱ्याची उंची फिरवून कर्णातली वजनं जुळवून घेतली. उजव्या वळणात वेगळी आणि डाव्या वळणात वेगळी वागायची, ते बंद झालं. हे तुमच्या बी६ वर करून दाखवा.

खड्डेश्वर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ प्रमाणे ताशी २५ किमीसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. आमच्या सोसायटीबाहेरचा मी फूटपट्टीने मोजला. उंची १४, रुंदी ६० सेंमी. तो गतिरोधक नाही, सिमेंटात गाडलेली म्हैस आहे. तिच्यापुढे कसले तुमचे क्लिक!

गणितीकाका

दोघेही स्प्रिंगबद्दल गप्प आहात. खरी मेख तिथेच आहे.

पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर तोललेलं वजन साधारण ३१० किलो धरा. स्टॉक स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिमीच्या आसपास धरली, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा डुलतो. रोजच्या गाडीला हे ठीक. आता कॉइलओव्हरबरोबर ६ किलो प्रति मिमीची स्प्रिंग आली, म्हणजे ५९ न्यूटन. तोच कोपरा २.२ वेळा डुलणार. ट्रॅकवर उत्तम, कर्वे रोडवर मात्र मणक्याची परीक्षा.

स्प्रिंग अशी सव्वादोन-अडीचपट कडक झाली की तिला आवरायला डॅम्पिंग दीडपट लागतं, कारण हिशोब वर्गमुळात चालतो. नॉब मऊ बाजूला फिरवला तर स्प्रिंग मऊ होत नाही. ती फक्त मोकाट सुटते. "सगळ्यात मऊवर ठेवली तरी आदळते" ही जी तक्रार कानावर येते ना, ती इथून येते.

दुसरं म्हणजे या क्लिकचा परिणाम मुख्यतः पिस्टन हळू सरकताना जाणवतो: वळणावरचं कलणं, ब्रेकवरची डुबकी. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा पिस्टन भन्नाट वेगाने धावतो, आणि तिथे आतल्या पातळ चकत्यांची चळत ठरवते काय होणार ते. तिला नॉबचा हात लागत नाही.

घाटवेडा

काकांना दंडवत. माझा मुद्दा त्यांनी माझ्यापेक्षा बरा मांडला.

नटबोल्ट

काकांचं गणित बरोबर आहे, पण त्यातून धागाकर्त्याचा निष्कर्ष निघत नाही. ६ किलोची स्प्रिंग घ्याच असं कुणी बंदूक लावलीय का? मी ऑर्डर देतानाच पुढे ४ किलोची मागवली. सेट घेताना स्प्रिंगचा आकडा विचारायचाच असतो. जो विक्रेता तो सांगू शकत नाही, त्याच्याकडून टायरची टोपीसुद्धा घेऊ नये.

रत्नांग्रीचा_टर्बो

तुमच्या वादात आमचं पण थोडं मीठ. शब्दशः.

आमच्याकडे कॉइलओव्हरचा आटा दोन पावसाळ्यांत गोठतो. खारी हवा, लाल चिखल, आणि वर मेकॅनिकने कॉम्प्रेसरच्या पाण्याने धुतलेलं. मी एकदा उंची बदलायला गेलो तर सी-स्पॅनर वाकला, रिंग नाही हलली. शेवटी ती कापून काढावी लागली. त्यानंतर दर चार महिन्यांनी दात घासायच्या ब्रशने आटे साफ करतो, ग्रीस लावतो, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो. हे करायची तयारी नसेल तर 'ॲडजस्टेबल' हा शब्द पहिल्या पावसापर्यंतच खरा.

आणि ताई-दादांनो, पोलोच्या मागे मुळात कॉइलओव्हर नसतोच. मागच्या आडव्या बीमवर स्प्रिंग वेगळी बसते, शॉकअप वेगळा. किटमध्ये मागे येते ती स्प्रिंग आणि तिच्या बुडाखालची आट्याची बैठक. सगळी माती तिथेच साचते.

कलम_कागद

कायद्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आरसी बुकात सस्पेन्शनचा रकाना नसतो, हा युक्तिवाद मला पाठ आहे. तो अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेयरपुढे करून बघा.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत उलटं आहे: बदल करा, पण नोंद करून. माझ्या गोल्फला सेट टाकला तेव्हा टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेच्या माणसाने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चारही बाजूंची उंची कागदावर लिहिली. सेटबरोबर येणाऱ्या प्रमाणपत्रात किती खाली जायची मुभा आहे ते छापलेलं असतं. त्याखाली गेलात तर पोलीस रस्त्यात टेप काढू शकतो.

पण धागाकर्त्याला एक प्रश्न. भारतातली पोलो इथल्यापेक्षा उंच आहे ना? कागदावर १६५ मिमी क्लिअरन्स. तुमचा बी६ इथल्या उंचीच्या गाडीसाठी बनलेला. तुमची जादा उंची जर स्प्रिंगमधून आली असेल, तर गाडी नुसती उभी असतानाच त्या डॅम्परचा दांडा नेहमीपेक्षा बाहेर असेल. म्हणजे चाक खाली लोंबायला जागा कमी. खड्ड्याच्या काठावरून चाक खाली पडलं की वरच्या टोकाला "टक्". इथली लोअरिंग स्प्रिंग मागवलीत तर उलट घोळ: खोक्यावर ३० मिमी लिहिलेलं असतं, तुमच्याकडे गाडी त्याहून जास्त बसणार.

शॉकअपची खालची बॉडी आट्यावर वरखाली होणारा कॉइलओव्हर असेल तर पुढच्या बाजूचा हा प्रश्न सुटतो. दांड्याचा प्रवास न खाता उंची जुळवता येते. या एका कारणासाठी मी नटबोल्टांच्या बाजूने.

नटबोल्ट

साहेब, चहा माझ्याकडून.

मागच्या_सीटवरची

मी यांच्यातल्याच एकाची बायको आहे, कुणाची ते सांगत नाही. क्लिक आठ आणि क्लिक बारा यांतला फरक मला गेल्या दिवाळीत सासरी जाताना चांगला कळला. मांडीवर चकल्यांचा डबा होता. पोचेपर्यंत त्याची भाजणी झाली.

तुमच्या वहीत मागे बसलेल्या माणसाचा रकाना आहे का हो?

नटबोल्ट

घरचे वाद इथे नकोत.

घाटवेडा

श्टुटगार्टकरांचा प्रश्न वर्मी लागला. तो माझ्या डोक्यातच नव्हता. मी बी६ ला "टाका आणि विसरा" म्हणत होतो, आणि तो इथल्या उंचीवर नीट बसतो का हेच तपासलं नव्हतं. तरी मत अजून तेच आहे, फक्त आवाज खाली आलाय.

नटबोल्टांना मात्र एक विचारायचंय. तुमची तुलना कशाशी आहे? सेट टाकण्याआधी तुमचे जुने शॉकअप किती किलोमीटरचे होते?

नटबोल्ट

६५ हजार.

घाटवेडा

तेच. झिजलेला स्टॉक आणि कोरा कॉइलओव्हर ही तुलनाच नव्हे. ६५ हजारांवर नवे स्टॉक शॉकअप आणि माउंट टाकले असते तरी तुम्ही "गाडी पुन्हा जन्मली" म्हणाला असता.

नटबोल्ट

म्हणालो असतो. आणि पुढच्या ट्रॅक डेला पुन्हा कुरकुर केली असती. स्टॉक कितीही नवा असला तरी कारीवर तिसऱ्या लॅपला गाडी वळणात पुढून बाहेर सरकायला लागते. ते मी मित्राच्या कोऱ्या पोलोत बसून पाहिलंय. तुम्ही वर्षातून एकदा जाता म्हणून तुम्हाला चालतं. मी चारदा जातो.

गणितीकाका

दोघांनी भांडण्याआधी पाच रुपयांचा प्रयोग करा. पुढचा रबरी बूट वर सरकवा, शॉकअपच्या दांड्याला एक झिप-टाय बांधून तळाशी सरकवून ठेवा, बूट पुन्हा खाली. आठवडाभर नेहमीसारखी चालवा. मग बघा टाय किती वर ढकलला गेलाय. त्याच्यापासून बंप स्टॉपपर्यंत (दांड्यावरच्या रबरी अडथळ्यापर्यंत) जे अंतर उरलं, तेवढाच तुमचा शिल्लक प्रवास. गाडी किती खाली करायची, करायची की नाही, ते हा टाय सांगेल. बाकी आपण सगळे हवेत बोलतोय.

घाटवेडा

आठ दिवसांनी आलो. काका, केला प्रयोग. ऑफिसच्या पाच फेऱ्या आणि एक ताम्हिणी.

उजवीकडे टाय आणि बंप स्टॉपमध्ये बोटभर जागा उरलीय. डावीकडे टाय थेट बंप स्टॉपला चिकटलेला, आणि बूट वर केल्याबरोबर बोटं तेलाने काळी झाली. डावा शॉकअप फुटलाय. रस्त्याच्या डाव्या कडेचे सगळे खड्डे सात वर्षं त्यानेच खाल्ले, दुसरं काय होणार! वळणावर अंग टाकते म्हणून मी ज्या गाडीला नावं ठेवत होतो, ती निम्मी लंगडी होती.

उजवीकडेच बोटभर उरलंय म्हटल्यावर ३० मिमी खाली जाणं माझ्यापुरतं बाद. बी६ की खालची बॉडी फिरणारा कॉइलओव्हर, एवढाच प्रश्न उरला. श्टुटगार्टकर, दांडा किती बाहेर राहील ते मोजायला तुमच्याकडच्या बी६ चा बंद आणि उघडा असा दोन्ही मापांचा आकडा मिळेल का?

नटबोल्ट, शनिवारी तुमच्या गाडीत बसून बघायचंय. सकाळी सहा, चांदणी चौक. मागच्या सीटवर बसेन, डबा घेऊन.

मागच्या_सीटवरची

चकल्या नका आणू. लाडू आणा.